भावकीतला कॅचर

नाही, मी सांगणार नाही. आईनं बजावलंय. सकाळी हळदीच्या ताटासमोर उभं करून म्हणाली, ‘रोशनी, पत्रिकेवरचे कैलासवासी दादा कोण, असं कुणी विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही, मी तेव्हा शाळेत होते.’ आता ते घडलं तो रविवार होता, रविवारी मी शाळेत काय करत होते असं कुणी विचारलं तर? पण आईला आज उलट विचारायची सोय आहे का... थांबा, तुम्ही मुलीकडचे का? नाही ना? मुलाकडचेही नाही. तुम्ही बँडवाले, म्हणजे कुणाचेच नाही. वरात आली, वाजवून झालं, आता अक्षता पडेपर्यंत तुम्ही इथं कार्यालयाच्या मागे खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसणार, आणि मलाही इथंच पाठवलंय, कारण हा फोन. मामाचा. म्हणजे नवरदेवाचा. अक्षता पडेपर्यंत हा त्याच्या हाताला लागता कामा नये, म्हणून मी आणि फोन दोघंही मांडवाबाहेर. तशी मी बोलत नाही हो. वर्गात बाईंनी माझा आवाज ऐकलाय तो हजेरीपुरता. पण थंडीपासून हे पोटात ठेवून ठेवून माझी जी अवस्था झालीय... सांगते, पण ते क्लॅरिनेटवाले काका, तुम्ही मोठ्यानं हसू नका, आत ऐकू जातं.

तर हा माझा मामा, दिनेश. आजी-आजोबा नाहीत, म्हणून आमच्याकडेच असतो, इंदिरानगरला, आणि सिन्नरला एका कंपनीत मशीनवर आहे. त्या कंपनीत मागे एक अमेरिकन इंजिनियर नवीन मशीन बसवायला आला होता. मशीन बसलं, माणूस गेला, जाताना मामाच्या डोक्यावर एक निळी टोपी ठेवून गेला. टोपीवर बगळा. तिकडे हेरन्स नावाची बेसबॉलची टीम आहे, तिची. लोकांकडे परदेशी पाहुणा आला की मागे चॉकलेटं राहतात, सेंटची बाटली राहते, आमच्याकडे टीम राहिली. आणि टीम तरी कशी, तर हरणारी. मामा, आणि त्याच्या कंपनीतले दोघं, शेखरमामा आणि नवनाथमामा. अख्ख्या नाशकात बगळ्यांचे चाहते किती, तर एवढे तीन, आणि तिघंही आमच्याच सोफ्यावर.

बरं, सीझन चालू असतो तेव्हा काही त्रास नसतो. मॅच बघतात, हरतात, कामाला जातात. खरा ताप सीझन संपल्यावर. दिवाळीच्या सुमारास तिकडची शेवटची मॅच होते, मग पुढची एकदम ऊन तापायला लागल्यावर. मधे काय? मधे तिकडचे मालक लोक नुसते बसून खेळाडूंची अदलाबदल करतात, हा द्या, तो घ्या, आणि हे तिघं इकडे बसून त्यांची काळजी करतात. रोज. चहा आणि शेव, शेव आणि चहा. ‘पिचर घ्यायला पाहिजे रे.’ पिचर म्हणजे त्यांचा बोलर हो. ‘पिचर आहे, पण खांदा गेलाय.’ ‘मग डावखुरा बघा.’ ‘डावखुऱ्याचं वय बघितलं का?’ ‘घरचं बरं आहे का त्याच्या?’ हो, नवनाथमामा असंही विचारतो, पिचरच्या घरचं. शेवेचा डबा संपतो, आई नवीन डबा दणकन आणून ठेवते, ते दणकन कुणाला ऐकू येत नाही. आणि मॅच? मॅच एकही नाही.

आता होतं कसं, तुम्हाला सांगते, बगळ्यांचा सीझन संपतो आणि आपल्याकडे तुळशीचं लग्न लागतं. म्हणजे लग्नाचा सीझन सुरू. आई म्हणायची, दिनेशचं जमवायचं तर याच दिवसांत, एकदा मॅच सुरू झाल्या की हा मुलीकडे बघायचा नाही, स्कोअर बघेल. त्यामुळे आमच्या बाहेरच्या खोलीत एकाच वेळी दोन बाजार. सोफ्याच्या या टोकाला आई आणि तळमजल्यावरच्या मालनमावशी, ‘मुलगी उंच आहे, पण नोकरी सोडणार नाही म्हणते’, त्या टोकाला हे तिघं, ‘उंच आहे, पण मागच्या टीमनं का सोडला ते कळत नाही’, आणि मधे बाबा, तोंडासमोर पेपर धरून. बाबा एकदाच बोलले. म्हणाले, ‘गुडघा तपासून घ्या आधी.’ हे त्यांनी नक्की कुणाबद्दल म्हटलं, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

हसू नका. मामाला खूप मुलींनी नकार दिला होता. मशीनवर काम करतो, बहिणीकडे राहतो, कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे टोपी घालून आला होता. प्रत्येक वेळी घरी आला की म्हणायचा, ‘जाऊ दे ताई, पुढच्या वर्षी बघू.’ बगळ्यांबद्दलही तो हेच म्हणतो, त्यामुळे तुम्हाला वाटेल त्याला काही वाटतच नाही. मी बघितलंय ना. नकार आला की तो इस्त्री केलेला शर्ट परत घडी करून, कागद घालून, पिशवीत ठेवायचा. पुन्हा लागेल म्हणून.

मग मालनमावशींनी स्वतःची भाची सुचवली. राखी. भाऊ सावळीराम, लासलगावला कांद्याचे व्यापारी, त्यांची मुलगी. लिलावाला वडिलांबरोबर उभी राहते, ट्रॉलीतला कांदा हातात घेते, दाबते, आणि माल किती दिवस टिकेल ते सांगते. मामा तिला बघून आला, सोफ्यावर बसला, शेवेला हातही लावला नाही. शेखरमामानं विचारलं, ‘कशीय?’ मामा म्हणाला, ‘दादासारखी.’

शेखरमामा-नवनाथमामांनी माना डोलावल्या. आईचा जीव वरखाली. ‘दादासारखी म्हणजे कशी रे बाबा? मिशा आहेत का?’

दादा म्हणजे बगळ्यांचा कॅचर. नाव रामिरो, पण हे त्याला दादा म्हणतात. कॅचर म्हणजे तो हो, बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो, तोंडाला जाळी लावून, आणि अंगावर येईल तो बॉल पकडतो. बाकीचे सगळे येतात-जातात, दादा आपला बसलेला. मामा म्हणाला, ‘म्हणजे काहीही आलं तरी सांभाळून घेईल, अशी आहे.’ आई आत गेली आणि डोळे पुसून आली. मला विचाराल तर, मामा एवढं छान वाक्य त्याआधी कधी बोलला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

मग तो रविवार. मुलीकडचे घर बघायला येणार. सावळीराम, राखी आणि तळमजल्यावरून मालनमावशी. आईनं बगळ्याचा झेंडा कपाटात कोंबला, टोपी माझ्या दप्तरात घातली, आणि शेखरमामा-नवनाथमामांना निरोप धाडला की आज फिरकू नका. दोघं आले. म्हणाले, ‘ताई, आज दिनेशच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आम्ही कसे नाही येणार?’ खरं कारण वेगळं होतं. बगळ्यांचे मालक त्या दिवशी काहीतरी मोठी अदलाबदल जाहीर करणार होते.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं. पोह्यांवर खोबरं, खोबऱ्यावर कोथिंबीर. सावळीराम गॅलरीत जाऊन आले, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, म्हणाले, ‘घर ब्येस हाय. माणसं बी चांगली हायेत. आपल्याला काय लय ताणायचं नाय.’ बाबांनी पेपर खाली ठेवला, यावरून समजा. आणि त्याच वेळी टीपॉयवरचा मामाचा फोन उजळला.

मामानं वाकून वाचलं. मग त्याचा चेहरा... कसं सांगू, चेहरा होता तिथंच होता, पण त्यातून मामा निघून गेला. आणि डोळ्यांतून पाणी. नुसतं घळाघळा. तेहतीस वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात पोह्यांची बशी. त्याच्या खांद्यावरून शेखरमामानं वाचलं, तोही रडायला लागला. नवनाथमामा त्या दोघांना बघून रडला, त्यानं वाचलं नंतर.

बगळ्यांनी दादाला देऊन टाकलं होतं. दोन पोरगेले पिचर घेतले आणि त्यांच्या बदल्यात दादा दिला. आणि दिला कुणाला, तर लँटर्न्सना. हिरवी टोपी, टोपीवर कंदील. आमच्या घरात त्या टीमचं नाव घेत नाहीत, कंदीलवाले म्हणतात.

सावळीराम दचकले. ‘काय झालं वो पाव्हणं?’

आता खरं सांगायचं कसं? अमेरिकेतला एक माणूस एका टीममधून दुसऱ्या टीममध्ये गेला म्हणून मी रडतोय, असं म्हणणाऱ्या माणसाला कोण मुलगी देईल? मामानं तोंड उघडलं, आईनं डोळे मिटले, आणि शेखरमामा बोलून गेला, ‘यांच्या घरातलं माणूस वारलं.’

‘अरारा. कोण?’

‘दादा. भाऊ. म्हणजे चुलतभाऊ.’

‘भावकीतलेच?’

‘भावकीतलेच. अगदी जवळचे.’

तुम्हाला सांगते, नुसतं ‘मित्र’ म्हणाला असता तर सगळं निभावलं असतं. पण शेखरमामा खोटं बोलायला लागला की त्याला ते अपुरं ठेवता येत नाही.

सावळीराम मामाजवळ सरकले, पाठीवर हात ठेवला. ‘वय काय होतं?’

मामा कधी खोटं बोलत नाही, तीच तर अडचण. तो हुंदके देत म्हणाला, ‘छत्तीस.’

‘छत्तीस म्हंजे काय वय हाय? काय दुखणं होतं?’

‘गुडघे.’

‘गुडघ्यानं जातंय व्हय माणूस?’

‘त्यांनी हेच कारण दिलं,’ मामा म्हणाला.

‘डॉक्टर लोकांचं काय सांगावं. काय करायचे ते?’

‘पकडायचा.’

‘पकडायचे? पोलिसात होते?’

आई म्हणाली, ‘हो.’

बाबांनी पेपर परत वर घेतला.

सावळीरामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. भरलेली. आईला हात जोडले आणि म्हणाले, ‘सविताताई, राग मानू नका, पण सुतकाच्या घरात आमाला आता पाणी बी घेता येत नाय, मग सोयरिकीचं कसं बोलणार? सुतक फिटू द्या. तेराव्याला येतो, मग बघू.’

बघू. आईनं तो शब्द आयुष्यात इतक्या लोकांकडून ऐकला होता की ती मटकन खालीच बसली. सगळे चपला घालायला गेले. राखी शेवटी उठली. टीपॉयवर मामाचा फोन तसाच पडलेला, उजेड चालू, आणि त्यावर दादा, हिरवी टोपी घालून, नवीन शर्ट हातात धरून, छान हसत. राखीनं ते बघितलं. मग मामाकडे बघितलं. आणि फोन उचलून हळूच पालथा घातला. हे फक्त मी बघितलं. जे बोलत नाहीत त्यांना असं पुष्कळ दिसतं.

दार लागल्यावर आई शेखरमामावर जी कडाडली. ‘मित्र म्हणता येत नव्हतं?’ तर हा म्हणतो, ‘मित्रासाठी कोण इतकं रडतं, ताई?’

आणि मग आमच्या घरात सुतक सुरू झालं. खरंखुरं. कारण तळमजल्यावर मालनमावशी. त्यांच्या नाकाला आमच्या मजल्यावरचा तुपाचा वास कळतो. आई म्हणाली, ‘मी सासरची, मला नाही लागत.’ मावशी म्हणाल्या, ‘अगं पण दिनेश तुझ्याच ताटात जेवतो ना?’ झालं. गोड बंद, फोडणीला वास येईल असं काही बंद, देवपूजा शेजारच्यांकडून. माझा वाढदिवस त्यातच आला. माझ्या वाढदिवसाला मावशींनी आणून दिलेलं पिठलं-भात होतं, आणि वर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, ‘सोस हो पोरी.’ मैत्रिणींना काय सांगू? अमेरिकेत कॅचर बदलला म्हणून केक नाही?

मामाचं मात्र बरं चाललं होतं. तो मनापासून पाळत होता. दाढी नाही, हसणं नाही, भिंतीकडे तोंड करून बसायचं. शेखरमामा आणि नवनाथमामा रोज संध्याकाळी भेटायला, दोघंही पांढऱ्या शर्टात, आणि खाली मान घालून हळू आवाजात, ‘आता त्याच्या जागी कोण?’ ‘त्याची जागा कोण घेणार, सांग ना.’ ‘पोरं आहेत दोन, पण कच्ची.’ मालनमावशी दारातून ऐकायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. ‘मित्र असावेत तर असे,’ म्हणायच्या. आणि मॅच? मॅच एकही नाही.

मग मावशींनी विचारलं, ‘तेराव्याला फोटो कुठला ठेवताय?’

फोटो. याचा विचारच कुणी केला नव्हता. पण दादा तिकडच्या कुठल्याशा बेटावरचा, सावळा, जाड मिशा. नवनाथमामानं टोपी कापून फक्त चेहऱ्याचा फोटो मोठा करून आणला. आईनं तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, म्हणाली, ‘सटाण्याकडचा वाटतो.’ चौरंग मांडला. मामानं मात्र हार घालू दिला नाही. ‘जिवंत माणसाला हार घालायचा नाही, ताई.’ शेवटी फोटोसमोर एक झेंडूचं फूल ठेवून भागवलं.

तेराव्याला सावळीराम आले दुखवटा घेऊन. टॉवेल आणि टोपी, रीतीप्रमाणे. फोटोला हात जोडले, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘रुबाबदार गडी होता. खात्याचं नुकसान झालं.’ टॉवेल मामाच्या खांद्यावर ठेवला. टोपी पुढं करणार, इतक्यात राखी म्हणाली, ‘आबा, टोपी मी आणलीय.’ आणि पिशवीतून एक पुडकं काढून मामाच्या हातात दिलं.

मामानं कागद सोडवला. आत हिरवी टोपी. वर कंदील.

शेखरमामाच्या घशात चहा अडकला. नवनाथमामानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मामानं राखीकडे बघितलं, तिनं मामाकडे, आणि त्याला कळलं की हिला सगळं माहीत आहे, पहिल्या दिवसापासून. लाल झाला नुसता. ज्या टोपीचं नाव आमच्या घरात घेत नाहीत ती हातात, आणि बघणारे एवढे.

सावळीरामांना काय, टोपी ती टोपी. ‘घाला की. दुखवट्याची टोपी नाय म्हणू नये. रीत हाय.’

‘घाला,’ राखी म्हणाली.

मामा त्या क्षणी काय विचार करत होता ते मला माहीत आहे, कारण त्याची बोटं शर्टाच्या घडीवरून फिरत होती. नाही म्हटलं तर तो शर्ट परत कागदात. त्यानं टोपी घातली. बारा वर्षं बगळ्यांशी एकनिष्ठ राहिलेला माणूस, डोक्यावर कंदील घेऊन, सगळ्यांसमोर बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी. सावळीरामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

राखी हळूच म्हणाली, ‘आम्ही कांदा बघतो, गोणीवरचं नाव नाय बघत. चांगला माणूस ज्या गोणीत जाईल तिथं आपण जायचं.’

‘कुठला माणूस?’ सावळीरामांनी विचारलं.

‘यांचा दादा, आबा.’

‘बरोबर हाय,’ सावळीराम म्हणाले. ‘मग बोलणी करायची का?’

असं जमलं. आता यात खोटं काय राहिलं, तर फक्त मयत. ते सांगून टाकू म्हटलं तर सावळीरामांनी तोवर पत्रिका छापायला दिली होती, आणि अगदी आठवणीनं वर घालून घेतलं, ‘कै. दादासाहेब यांच्या आशीर्वादाने’. त्यांच्याकडची निम्मी माणसं सकाळपासून मांडवात विचारतायत, कोण हो हे, कुठल्या ठाण्याला होते. म्हणून आईनं मला बजावलंय.

पण खरी पंचाईत वेगळीच. मामी, म्हणजे राखीमामी, ती आता दादाचं सगळं बघते. जुन्या मॅच, मुलाखती, त्याच्या मुलींची नावंसुद्धा तिला पाठ. मामा कपाटात बगळा लपवतो, ती फोनवर कंदील लावते, आणि तासन्तास भांडतात, दोघंही खूश. साखरपुड्याला भटजी खोळंबले होते आणि हे दोघं दादाला कितव्या नंबरला बॅटिंगला पाठवावं यावर. आणि मॅच? अजूनही एकही नाही. सुरू व्हायला महिना आहे...

थांबा, फोन वाजला. नवनाथमामाचा मेसेज दिसतोय. हा मांडवात बसून मेसेज कसले... अरे देवा. दादा थांबला. खेळ सोडला त्यानं, कायमचा. ‘गुडघे ऐकत नाहीत’ असं म्हणालाय. एकही मॅच न खेळता. नवनाथमामानं खाली रडणारे चेहरे पाठवलेत, ओळभर.

नाही, मामाला कळणार नाही, त्याचा फोन माझ्याकडे आहे. आईनं सगळा विचार केलाय... फक्त मामीचा फोन. मामीचा फोन कुणी काढून घेतलाच नाही हो. तो शालूत खोचलेला होता, मी स्वतः बघितला. आणि आतली मंगलाष्टकं का थांबली? ऐकलंत? हे रडणं मुलीचं आहे, पण पाठवणी तर संध्याकाळी. आणि हा आवाज सावळीरामआबांचा, ‘आता कोण वारलं?’ आणि शेखरमामा तिथंच उभा आहे, त्यांच्या शेजारी, म्हणजे तो उत्तर देणार, आणि या वेळी सुतक दोन्हीकडचं...

‘रोशनीऽ, इकडे ये लवकर, मामाला धर.’

आले, आई. काका, तुम्ही उठा, वाजवा काहीतरी, काहीही, मोठ्यानं वाजवा, म्हणजे शेखरमामा काय सांगतो ते कुणाला ऐकू येणार नाही...